एका घरी एकच मेसेज

उजाडायच्या सुमारास वनरक्षकाचा फोन आला. तलावामागच्या मोहाच्या झाडांकडे वाघीण गेली होती, सोबत पिल्लं. मी संगणक उघडला आणि यादीतल्या सगळ्यांना मेसेज पाठवला : ‘तलावामागे वाघीण व पिल्लं. मोह वेचायला जाऊ नका.’ मजकूर मुद्दामच आखूड होता. मराठीत सत्तर अक्षरांपुढे गेलं की कंपनी एका मेसेजचे दोन धरते. हे मी माहितीपत्रकात पुन्हापुन्हा वाचून घेतलं होतं. वाचण्यापलीकडे मला फारसं येत नाही. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर वनसमितीने हे काम माझ्याकडे दिलं, ते बहुधा त्यामुळेच.

गेल्या मोसमात मेसेजचे पैसे मध्येच संपले होते. म्हणून यंदा आधी अंदाज काढायचा ठरला. मी काढलेला आकडा ऐकून समितीचे अध्यक्ष बापूराव म्हणाले होते, “गुणवंतभाऊ, एका घरी तीन-तीन फोन! वाघ का सगळ्यायले वेगळाली चिठ्ठी धाडते?”

सगळे हसले. घरामागे एकच नंबर ठेवायचा ठरलं. खर्च निम्म्यावर आला, आणि मलाही ते पटलं.

चहा ठेवत होतो तेवढ्यात शेजारच्या प्रफुलचा फोन आला. तो माजरीच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला असतो, बायको रंजीता गावीच.

“भाऊ, वाघाचा मेसेज आला मले.”

“आला ना? बरं झालं.”

“काय बरं झालं? मी माजरीत हाओ! रंजीता तिथीच गेली मोह वेचाले. फोन लावून राह्यलो, लागतच नाई. तिले मेसेज गेला का?”

मी यादी पाहिली. प्रफुलच्या घराचा नंबर म्हणजे प्रफुलचाच. त्याच्याखाली सुकलू, तो मिरची तोडायला तेलंगणात. पुढचा चैतू, तोही तिकडेच. गाव मोहावर होतं आणि इशारा मिरचीच्या शेतात वाजत होता.

“नाही गेला,” मी म्हणालो.

“काऊन?”

“पाठवतो,” म्हणून फोन ठेवला.

रंजीताला मीही फोन लावला. आवाजच येईना. तिकडे बोलणं होत नाही, मेसेज तेवढा कधीकधी पोचतो. सगळ्या नंबरांची जुनी यादी संगणकात होती. पण वाघीण वरचेवर येत असल्याने शिल्लक तळाला लागली होती, आणि दिवसाला किती मेसेज जातील याची खात्यावर मर्यादा घातलेली. ती उठवायचा कोड बापूरावांच्या मोबाइलवर यायचा, म्हणून त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना मेसेज पाठवायचा म्हणालो.

“साऱ्यायले?” बापूराव वैतागले. “मंग पुढच्या डावाले काय उरन? एकट्या रंजीताले धाडा.”

“ती फोन पाहील कशावरून? आणि कोण कोण गेलंय, मला ठाऊक नाही. तुमच्या घरच्या कुठे आहेत?”

“गुणा? घरीच हाये. गुणा!”

फोनमधून ते हाक मारताना ऐकू येत होते. आधी अंगणात. मग गोठ्याकडे.

“टोपली नाई, भाऊ,” ते म्हणाले. “लिवा कोड.”

पहिल्यांदा आकडा चुकला, दुसरा कोड मागवावा लागला. मेसेज गेले तशी शिल्लक शून्य झाली. काठी घेऊन मी तलावाची वाट धरली. जाऊन मी काय करणार होतो, कोण जाणे. झाडीकडून काहीच आवाज येत नव्हता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत, पोचलो तेव्हा बाया येताना दिसल्या, एकमेकींना चिकटून, मोठमोठ्याने बोलत. रंजीता पुढे होती, गुणाबाई तिचा दंड धरून.

“साऱ्यायचेच फोन एकदम वाजले, भाऊ,” रंजीता म्हणाली. “वर पाह्यलं तं झुडपात पिल्लू. आणि माय कुठी हाये ते दिसेना! टोपल्या तिथीच टाकल्या.”

मागून बापूराव धापा टाकत आले. गुणाबाईंना पाहताच ओरडले, “सांगून जाता येत नाई?”

“कोणाले सांगू? तुमी घोरत होते!”

हसण्याइतका जीव कोणातच नव्हता. मोहफुलं आणखी कितीतरी दिवस गळणार होती. रंजीताने पदराने तोंड पुसलं.

“उद्या पहाटे मेसेज धाडसाल ना, भाऊ? तो नाई आला तं वाघीण गेली म्हणून निंगू आमी.”

मी बापूरावांकडे पाहिलं. खात्यात एका मेसेजचेही पैसे उरले नव्हते.