दीपिकेचा अंगठा मीच कापला

मी एक जुना आडाळो आहे. तुमच्याकडे विळी म्हणतात तीच, फक्त मालवणच्या मासळीबाजारातली, जरा दांडगी. मित्रांनो, दीपिकेचा अंगठा मीच कापला आणि मला त्याचा काडीचाही पस्तावा नाही.

लोहाराने मला घडवलं ते किशोरीच्या सासूसाठी. पुढे माझ्या पाटावर किशोरी बसली. सुरमईच्या तुकड्या एकसारख्या पाडाव्यात तर तिनेच! मग तिला रक्ताचा कॅन्सर झाला. वर्षभर औषधं चालली, मी पोत्यात गंजत पडलो. अखेर रक्त साफ आलं. सगळे म्हणाले, सुटली बाई.

कसली सुटली! ती पुन्हा बाजारात बसली आणि महिन्याभरात तिचं डोकं ठणकायला लागलं, सकाळी उठली की उलटी. पाच बांगड्यांच्या वाट्यात तीनच पडायचे, गिऱ्हाइकं भांडायची. मासा एकीकडे, हात भलतीकडे. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तोंड होतं तिच्या जावेला, दीपिकेला. भर बाजारात ओरडली, "सकाळीच ढोसता ती! एका बांगड्याचे दोन दिसतत तिका!"

"माका खराच दोन दिसतत गो," किशोरी रडली. बाजार हसला. नवऱ्याने, शिवाने, तिला घरी बसवलं आणि दीपिका तिच्या जागेवर बसली. माझ्यावर!

मी धार राखून ठेवली. तिसऱ्या दिवशी मोरी मासा कापताना तिची नजर हलली आणि मी अंगठ्यात हाडापर्यंत घुसलो.

पुढचं मी बाजारात ऐकलं. टाके घेतानाही तिची जीभ थांबेना, जावेची निंदा चालूच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन दिसतात? आधी काही आजार होता?"

"रगताचो कॅन्सर. पण आता रगात साफ आसा."

"अहो, रक्त साफ असलं तरी तो मेंदूत लपलेला असू शकतो. तिला आजच गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या!"

पाठीतलं पाणी काढून तपासलं. रोग तिथे सापडला. कण्यातून औषधं दिली, कितीतरी महिने. किशोरी वाचली, एक डोळा तेवढा तिरका राहिला.

मित्रांनो, असा आजार होऊन गेलेल्या माणसाचं डोकं दुखलं, बोलणं-दिसणं बिघडलं, तर हसू नका. त्याला दवाखान्यात न्या. नाहीतर माझ्यासारखे डूख धरून बसतात.

परवा किशोरी बाजारात आली. दीपिका हुंदके देत म्हणाली, "माका माफ कर गो."

"माफ मगे करतंय," किशोरी म्हणाली. "आधी माझ्या जागेवरसून उठ."