हाडापर्यंत न पोचलेलं औषध

परांचीवरून पडला तेव्हा रंगाऱ्याच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. ते जोडलं, पण जखम चिघळली. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. सुया टोचून हातांची चाळण झाली, तरी पू काही थांबेना.

“वॉर्डाचं छत बघ,” तो खाटेवरून बायकोला म्हणायचा. “चोरांनी रंगाचा एकच हात मारलाय. बरा झालो की मीच रंगवून देतो.”

आणि एकदा त्याने बजावलंही, “पाय कापू द्यायचा नाही. काहीही झालं तरी.”

मग एका सकाळी तो तापात बरळू लागला. बायकोने डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यातच गाठलं.

“औषध या जंतूंवर लागू पडतं म्हणालात ना?”

“पडतं. पण ते रक्ताबरोबर फिरतं, ताई. हाडाचा तो भाग मेलाय. तिथं रक्तच जात नाही, मग औषध कसं जाणार? जंतू तिथं दडून बसलेत.”

“मग दुप्पट द्या!”

“रक्तातलं बरंचसं औषध प्रथिनांना चिकटून अडकतं. मोकळं उरतं तेवढंच काम करतं. डोस वाढवला तर मूत्रपिंडं जातील, आणि मेलेल्या हाडात तरीही उतरणार नाही.”

“मग ते हाडच खरवडून काढा!”

“दोनदा काढलं. आता विष अंगभर पसरतंय. गुडघ्याखाली कापलं तर वाचतील. आजच.”

तिने सासूला फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. “तूच ठरव गं पोरी. माझी जीभ रेटत नाही.”

ती खाटेजवळ गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून हलवला. “अहो, ऐकताय का? पाय कापायचा म्हणतायत. काय करू मी? बोला ना!”

त्याने डोळे किलकिले केले. “ताई, पाणी दे,” म्हणाला. त्याला ती आपली बहीण वाटत होती.

तिने सही केली. अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. शुद्धीवर येताच त्याने चादरीवरून हात खाली नेला, चाचपलं आणि तिथंच थांबला.

“कुणी सांगितलं?”

“मी.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने पाण्याचा पेला पुढे केला. तो प्यायला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

तिला रडू आलं नाही. पेला तसाच हातात धरून ती श्वासाबरोबर त्याची पाठ वरखाली होताना बघत बसली.