रेडिओवर गेलेली किल्ली

माझ्या भावाने स्वतःच्याच गाण्याची किल्ली हरवली आणि ती सापडली नेमकी माझ्या दिराला. रबौल शहराच्या बाजारात अजून बायका हे आठवून पोट धरून हसतात. हसा बायांनो, खुशाल हसा. त्या दिवशी माझी काय गत झाली होती ते माझं मला ठाऊक.

किल्ली म्हणजे गिटारच्या सहा तारांची जुळणी. प्रत्येक गावाची आपली वेगळी, आणि ती गावाबाहेर जाऊ द्यायची नाही. वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या खुंट्या पिळून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलली तर त्याच्या हाती नुसती खरखर लागावी. आमच्या मामाने माझ्या भावाला, तोवारपिनला, आधी खुंट्या पिळायला शिकवलं आणि वाजवायला नंतर. त्याच्या बोटांना ती सवय इतकी जडली होती की जेवायला हाक मारली तरी उठता उठता त्याचा हात खुंट्यांवरून फिरून यायचा.

जुलै महिन्यात रेडिओवाल्यांनी त्याच्या बँडला फितीवर गाणं भरायला बोलावलं. अख्खं रातागुल, म्हणजे माझं माहेर, ट्रकमागे पळत निघालं. मी सासरहून, वुनालाकाहून, खाडीच्या कडेकडेने चालत गेले. रेडिओच्या दारात तोवारपिन घामाघूम उभा होता.

"ताई, हे गाणं सगळीकडे ऐकू जाणार," तो म्हणाला.

"त्यासाठीच तर आलोय ना रे!"

"अगं, पण तुझा दीरपण ऐकणार. तो कान लावून किल्ली चोरेल."

माझा दीर तोकिलांग. वुनालाकाच्या बँडचा म्होरक्या. त्याचा कान असा की आवाजावरून तो कोंबडी कुणाची ते सांगायचा. त्याचं आणि माझ्या भावाचं माझ्या लग्नापासून वाजलेलं. लग्नात दोघांचे बँड समोरासमोर सकाळपर्यंत वाजत राहिले आणि कोण जिंकलं यावर अजून एकमत नाही.

"मग काय, न वाजवता परत जाणार?"

"थांब," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून त्याने दोन तारा थोड्या उतरवल्या, एक थोडी चढवली. "आता चोरून दाखव म्हणावं. खोटी किल्ली मिळेल लेकाला!"

मी कपाळावर हात मारला. पण आतून गाणं ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. गाणं साधंच होतं. बाजाराला जाणाऱ्या मुलीचा ट्रक चुकतो आणि ती चालायला लागते, एवढंच. रातागुलच्या नेहमीच्या किल्लीत ते गोड वाजायचं. या खोट्या किल्लीत ते चक्क चालायला लागलं! खालच्या तारा पावलं टाकत होत्या आणि वरची तार मध्येच उसासा टाकत होती. तोवारपिन बाहेर आला तोच हसत. सवयीने त्याने खुंट्या पिळून टाकल्या होत्या.

पुढच्या दोन आठवड्यांत त्या गाण्याने धुमाकूळ घातला. ट्रकवाले ते गुणगुणायचे, नारळ सोलणारी माणसं त्याच्या ठेक्यावर सोलायची, प्रार्थनेला पोरं उशिरा आली तरी 'ट्रक चुकला' म्हणायची. मी बाजारात सुपारी विकायला बसायचे, तर गिऱ्हाईक सुपारी न बघता विचारायचं, "तोवारपिनची बहीण तूच का?" मी मान इतकी ताठ धरायचे की संध्याकाळी ती दुखायची.

मग ठरलं की सोळा सप्टेंबरला, आमचा हा बेटांचा देश स्वतंत्र होणार त्या दिवशी, रबौलच्या मैदानावर सगळ्या गावांचे बँड वाजवणार. रातागुलचा क्रमांक सातवा आणि वुनालाकाचा आठवा. रातागुलने वाजवायचं तर रेडिओवरचंच गाणं, असा निरोप आला.

तोवारपिन गिटार घेऊन बसला आणि त्याला ती खोटी किल्ली लागेना.

सकाळी लावली, दुपारी लावली. कुठली तार किती उतरवली होती ते आठवेना. हात आपोआप मामाच्या जुन्या किल्लीवर जाऊन थांबायचे. रेडिओवर ऐकून लावावी म्हटलं तर ती फीत समारंभासाठी राजधानीला, मोरेसबीला गेलेली. चर्चच्या जेवणावळीला त्याने जुन्या किल्लीत गाणं म्हटलं तर एक म्हातारी म्हणाली, "छान आहे बाळा, पण ते रेडिओवरचं वाजव ना."

इकडे माझ्या घरी काय चाललंय? तोकिलांग पहिल्या दिवसापासून रेडिओला कान लावून बसला होता. एका दुपारी मी कंद सोलत होते आणि अंगणातून ते पावलं टाकणारे सूर आले. तंतोतंत! माझ्या हातातून सुरी पडली. मी धावत बाहेर आले तोवर त्याने खुंट्या पिळल्या होत्या.

"भावजी, ती माझ्या भावाची किल्ली आहे."

"असेल. पण त्याच्याकडे कुठे आहे?" सुपारीला चुना लावत तो म्हणाला. "सगळ्या किनाऱ्याला कळलंय वहिनी. आम्ही त्या किल्लीत आमचं गाणं बसवलंय. मैदानात वाजवणार."

"म्हणजे आधी तो किल्लीशिवाय वाजवणार आणि त्याच्या पाठोपाठ तुम्ही किल्लीत? लोक काय म्हणतील? रेडिओवरचं मुळात तुमचंच होतं म्हणतील!"

"लोकांच्या तोंडाला मी काय करू?"

"लाज नाही वाटत?"

"वाटते की थोडीशी." तो हसला, पण मग गंभीर झाला. "त्याला म्हणावं, स्वतः ये आणि माग. देईन."

मी तशीच पायपीट करत माहेरी गेले. तोवारपिनने ऐकलं आणि गिटार बाजूला सारली.

"त्या कोंबडीचोर माणसापुढे हात पसरू? जीव गेला तरी नाही."

"जीव तुझा नाही जायचा, गाणं जाईल! अरे, तुझी लेकरंसुद्धा उद्या म्हणतील की बाबांनी वुनालाकाचं गाणं चोरलं."

तो उठून निघून गेला. मी परतताना रस्ताभर दोघांनाही शिव्या देत होते. एक माझ्या पाठचा, एक माझ्या सासरचा, आणि मधे माझं भरीत.

सोळा तारीख उजाडली. काय गर्दी लोटली होती म्हणून सांगू! डोक्याला पानाफुलांच्या माळा, तोंडं सुपारीने लाल, नवा झेंडा वर चढताना म्हातारे हुंदके देत होते आणि तरुण ओरडत होते. माझ्या मुलीने विचारलं, "आई, आता आपण स्वतंत्र झालो ना? मग ओरडू का?" मी म्हटलं ओरड, आणि मीही घसा फुटेस्तोवर ओरडले. मग बँड सुरू झाले. एक झाला, दोन झाले, जो तो आपली किल्ली लपवायला पाठ फिरवून तारा लावत होता. सहावा संपला.

"रातागुल!"

तोवारपिन माइकपुढे आला तसा मैदानाने एकच गलका केला. "ट्रक! ट्रक!" त्याने पहिला हात मारला. जुनीच किल्ली. गलका बसत गेला. कुणीतरी ओरडलं, "हे नाही, रेडिओवरचं!" तो थांबला, दोन खुंट्या फिरवल्या, पुन्हा हात मारला. आणखीच बिघडलं. पुढच्या रांगेत हशा पिकला. माझ्या भावाचा चेहरा असा झाला की मला तिथे जाऊन त्याच्यावर चादर टाकावीशी वाटली.

मंचाच्या कडेला तोकिलांग आपल्या बँडसह उभा होता, गिटार लावून तयार. मी त्याच्याकडे पाहिलं. तो तोवारपिनकडे पाहत होता, आणि हसत नव्हता.

मग माझ्या भावाने आपली गिटार खाली ठेवली. हजारो लोकांसमोर तो मंच ओलांडून गेला आणि दिरापुढे उभा राहिला. माइक चालूच होता. "तोकिलांग," तो म्हणाला, "माझी किल्ली माझ्याकडे नाहीये. दे."

तोकिलांगची बोटं सवयीने खुंट्यांकडे गेली. मला दिसलं. मग त्याने बोटं मागे घेतली आणि लावलेली गिटार, जशी होती तशी, तोवारपिनच्या हातात दिली. आमच्या किनाऱ्यावर असं कधी कुणी केलं नव्हतं.

आणि मग ती मुलगी चालायला लागली! पहिल्याच फटक्यात पावलं, वरच्या तारेचा उसासा, आणि मैदान असं उसळलं की धूळ आभाळाला गेली. म्हाताऱ्या नाचल्या, पोलीस नाचले. मी मुलीला कडेवर घेऊन नाचले आणि ढसाढसा रडले. गाणं त्याचं होतं, सगळ्यांना कळलं होतं.

गाणं संपलं. टाळ्यांच्या कडकडाटात तोवारपिन वाकला, आणि वाकता वाकता त्याचा हात सरसर फिरला. सहाच्या सहा खुंट्या त्याने पिळून टाकल्या.

"अरे गाढवा!" तोकिलांगचा आवाज माइकमधून खाडीपलीकडे गेला असेल. "ती माझी गिटार आहे! आता माझा नंबर आहे!"

तोवारपिन हातातल्या गिटारकडे बघतच राहिला. मैदान हसून लोळायला लागलं. मग तो मंचावरच मांडी घालून बसला आणि त्याने दिराला शेजारी ओढलं. दोघं डोक्याला डोकं लावून किल्ली लावू लागले. माइक त्यांच्या तोंडाशी.

"चौथी अजून उतरव."

"उतरवलीय. तू दुसरी बघ."

"दुसरी बरोबर आहे. आत्ताच वाजवलीये मी, मला शिकवतो का?"

बाकीच्या गावांचे वादक मंचापाशी धावले आणि कान टवकारून उभे राहिले. आमच्याकडे किल्ली कधी कुणी उघड्यावर लावली नव्हती, आणि आता एकेक तार सगळ्या रबौलला ऐकू जात होती. मी ओरडले, "अरे, माइक तरी बंद करा!" दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

सहावी तार लागली. तोवारपिनने गिटार दिराच्या मांडीवर ठेवली आणि उठून उभा राहिला.

"आता वाजव," तो म्हणाला. "पण तुझं नको. माझंच वाजव."

"तुझं गाणं? मी?"

"हो. आणि शब्द चुकलास ना, तर ताईला सांगेन."