घुबडमावशीचा अंगठा

चार दिवस ती तारेच्या घासणीने स्वतःचा उजवा अंगठा घासत होती. सकाळी पोरांना शाळेत सोडून आल्यावर एकदा, संध्याकाळी गाडी धुऊन झाल्यावर एकदा. पाचव्या दिवशी अंगठ्याचं टोक सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत झालं. झोंबत होतं, पण तिला बरं वाटलं.

शाळेच्या सोळा पोरांची ने-आण करणारी ही बाई. त्या सोळांत तिच्या ताईची लेकही होती. पोरं तिला घुबडमावशी म्हणत, कारण वळण आलं की ती मान अशी काही गर्रकन फिरवायची की हनुवटी डाव्या खांद्याच्या मागे जायची. पोरांना याची भारी गंमत. ‘मावशी, परत फिरव ना,’ म्हणत, आणि तीही हौसेने फिरवायची. मान का फिरवावी लागते ते फक्त तिला आणि ताईला ठाऊक होतं. डाव्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. लहानपणी खेळताना ताईच्या हातातली छत्रीची काडी त्या डोळ्यात गेली होती. दोघींनी आईला ‘पायरीवर पडली’ असं सांगितलं आणि पुढे घरात तेच खरं होऊन बसलं.

नऊ वर्षांपूर्वी लायसन्स काढताना ताईनेच वाट काढली. परवाना कार्यालयात फोटो पहिल्या खिडकीवर निघायचा, तो हिचा निघाला. डोळ्यांची तपासणी आणि अंगठ्याचा ठसा मात्र मागच्या खोलीत. तिथल्या माणसाला कोणाच्या चेहऱ्याशी देणंघेणं नव्हतं, हातात फॉर्म असला की झालं. तिथे हिचा फॉर्म घेऊन ताई गेली. तेव्हापासून सरकारदरबारी चेहरा धाकटीचा आणि अंगठा थोरलीचा, अशी एक तिसरीच बाई गाडी चालवत होती.

आता नवा नियम निघाला. शाळेच्या गाडीवरच्या प्रत्येक चालकाने मूळ ओळखपत्र घेऊन यायचं, अंगठा जुन्या नोंदीशी जुळवायचा, डोळे पुन्हा तपासून घ्यायचे. दुसऱ्याचा अंगठा निघाला तर तोतयेगिरीचा गुन्हा, असं नोटिशीत ठळक अक्षरांत होतं. ते वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं. लायसन्स गेलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की घरातली चूलच विझली. शिवाय ताईही अडकणार.

“अंगठा उठलाच नाही तर?” ताई म्हणाली. “आमच्या शेजारणीचा उठत नाही, धुणीभांडी करून पार पुसलाय. तिला फक्त रक्ताच्या नात्यातलं माणूस साक्षीला आणायला सांगितलं.”

“आणि डोळे?”

“तक्ता भिंतीवरच असतो. मी आधी जाऊन अक्षरं उतरवून आणते. तू पाठ कर.”

पाठांतरात ती पहिल्यापासून हुशार. भाजी चिरताना, गाडीच्या काचा पुसताना तिने अक्षरं घोकली.

ठरल्या दिवशी पोरांना शाळेत सोडून दोघी कार्यालयात गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि पडद्यावर तिची नोंद उघडली. “ठेवा अंगठा.”

यंत्रावर लाल दिवा लागला.

“पुसून ठेवा.”

पुन्हा लाल. बाईंनी तिचा हात धरून उजेडात नेला.

“काय हो हे? अंगठ्यानेच भांडी घासता की काय?”

“बाईमाणसाचा हात,” मागून ताई म्हणाली, “जपायला कुठे होतो.”

बाई हसल्या. “तुम्ही कोण?”

“सख्खी बहीण. थोरली.”

“मग लिहून द्या, हिला ओळखते म्हणून. आणि तुमचाही अंगठा ठेवा इथे.”

पडद्यावर धाकटीचीच नोंद उघडी होती आणि त्या नोंदीत ताईचाच अंगठा होता. काचेवर तो टेकला की हिरवा दिवा लागणार आणि सगळं उघडं पडणार. ताई हात पदराखाली धरून नुसती उभी राहिली. पळून जावं असं धाकटीला वाटलं. तेवढ्यात रांगेतून कोणीतरी “आटपा हो, सकाळपासून उभे आहोत,” म्हणून ओरडलं. बाई वैतागल्या. “बरं, राहू द्या. सहीच करा.”

ताईने लिहिलं, ‘ही माझी सख्खी धाकटी बहीण. हिला मी जन्मापासून ओळखते.’ सही वेडीवाकडी आली. बाईंनी जुना ठसा पुसून तिथे धाकटीच्या डाव्या अंगठ्याचा नवा ठसा घेतला.

डोळ्यांच्या खोलीत ताई दारातच थांबली. तपासणारा माणूस खुर्चीत बसून लांब पट्टीने तक्त्यावरच्या ओळी दाखवत होता. उजव्या डोळ्याचं काम चुटकीसरशी झालं.

“आता उजवा झाका.”

तिने तळहात डोळ्यावर दाबला. समोर नुसता पांढुरका धूर उरला. वर पंखा खडखडत होता. तक्ता बदलला असेल तर? पट्टी भलत्याच ओळीवर असेल तर? तरी तिने सुरुवात केली.

“ग, प, ल.”

“हं.”

“त, र, ट, म.”

“हं. पुढे.”

तिसऱ्या ओळीला तो काही बोलला नाही. चौथीलाही नाही. गप्प आहे म्हणजे बरोबर आहे, असं धरून तिने पाचवी आणि सहावी ओळ न अडखळता म्हणून टाकली. मग तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “झालं का? बरं.” कागदावर शिक्का आपटला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“सुटलो गं ताई,” गाडी सुरू करताना ती म्हणाली. डावीकडच्या सीटवर ताई समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. शाळेच्या फाटकापर्यंत तशीच. घंटेला अजून अवकाश होता. धाकटीने गाडी बंद केली, तेव्हा ताईने तोंड उघडलं.

“तिसऱ्या ओळीला त्याचा फोन खिशात थरथरला. त्याने तुला हाताने ‘थांबा’ केलं आणि माझ्या शेजारून बाहेर निघून गेला. मीही दारातून हात हलवत होते, किती वेळ. तू रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवत होतीस.”

“मला वाटलं तो ऐकतोय.”

“थोडं अंधुक दिसत असेल, असं मी धरून चालले होते गं. इतकी वर्षं.”

घंटा झाली. पोरं धावत आली आणि धक्काबुक्की करत आपापल्या जागी बसली. ताई खाली उतरली. तिने आपल्या लेकीचं दप्तर सीटवरून उचललं आणि तिचा हात धरला.

“आम्ही चालत जातो,” ती धाकटीकडे न बघता म्हणाली.

“का गं आई?” लेकीने विचारलं. ताईने तिला खाली उतरवलं.

दार लागलं. आत पंधरा पोरं होती.

“घुबडमावशी, मान फिरव ना.”

तिने फिरवली. पार खांद्याच्या मागे. ताई लेकीला घेऊन फुटपाथच्या अगदी आतल्या कडेला, भिंतीला चिकटून उभी होती. गाडी निघून जाण्याची वाट बघत होती. लेकीच्या छातीवर तिने आडवा हात धरला होता, पोर चुकूनही पुढे येऊ नये म्हणून. हिला जन्मापासून ओळखते, असं तासाभरापूर्वी लिहून देणारा तोच हात.

धाकटीला एवढी भीती सकाळपासून वाटली नव्हती. यंत्रावर लाल दिवा लागला तेव्हा नाही, ताई काचेपुढे उभी होती तेव्हाही नाही. तिने किल्ली काढून घेतली आणि पोरांना जागचं हलू नका म्हणून बजावलं. फाटकावरच्या रखवालदाराजवळ जाऊन तिने किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

“या सगळ्यांच्या घरी फोन लावा दादा. न्यायला या म्हणावं.”

“का? गाडी बिघडली?”

“गाडी बरी आहे.”

“मग काय सांगू त्यांना?”

तिने एकदा मागे वळून पाहिलं.

“सांगा, मावशीला दिसत नाही.”