माझ्या काट्याला न सापडलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि मी मत्सरी आहे. अशी गोष्ट कुणी पहिल्याच वाक्यात कबूल करत नाही. पण मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे सरळ सांगता येईल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटातल्या तारांना डाख दिला, दुसरीने लाकडी खोका चढवला आणि तिसरीने बटण फिरवून मला बोलते केले. "खणखणीत आहे गं हा," ती म्हणाली. आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक. तेव्हापासून मला एकच चटक लागली. लोकांनी माझे ऐकावे, आणि शक्यतो फक्त माझेच ऐकावे.

मला विकत घेतले ते नळ दुरुस्त करणाऱ्या एका नवविवाहित माणसाने. सगळे त्यांना 'कानवाले' म्हणत. भिंतीच्या आत कुठे पाणी झिरपत असले, की ते एक लोखंडी गज भिंतीला टेकवत, दुसरे टोक कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग खडूने फुली मारत. फोडल्यावर गळती नेमकी तिथेच निघे. असा कान असलेला माणूस घरी आल्यावर माझ्यासमोर बसतो, याचा मला केवढा गर्व होता!

त्यांची पत्नी बालवाडीत शिकवायची. रोज सकाळी मागच्या खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून ती प्रार्थना करायची. मांडीवर पवित्र शास्त्र, हात त्यावर. अधूनमधून म्हणायची, "अहो, जरा बंद करा ना तो." कानवाले माझा आवाज थोडासा कमी करत आणि मला डोळा मारत. तिचे तिकडे, आमचे इकडे, असे चालले होते. मी सुखात होतो.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग एका शनिवारी दुपारी माझ्यावर एका सामन्याचे वर्णन चालू होते. सामना रंगात आला होता. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिच्या छातीत कळ आली. तिने हाक मारली. शेजारच्या निवृत्त नर्सबाई कुंपणाचे फाटक ढकलून धावत आल्या. कानवाले अंगणात पोहोचले ते त्यांच्यानंतर. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच तिने प्राण सोडला. पाच मिनिटे आधी कळले असते तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

त्यांची एकुलती मुलगी दुसऱ्या शहरात दातांच्या दवाखान्यात काम करायची. आईला माती दिल्यावर ती घरी येऊन उभीच राहिली.

"नर्सबाईंना फाटकापलीकडून हाक ऐकू आली, बाबा. तुम्हाला नाही?"

"रेडिओ चालू होता," कानवाले म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या नजरेने ते चिडले आणि बोलू नये ते बोलून गेले. "आणि तू तरी कुठे होतीस?"

तिने बॅग उचलली. चार वर्षे ती फिरकली नाही.

मित्रांनो, लाज वाटते, पण ती चार वर्षे माझी सर्वांत भरभराटीची होती. डोळे उघडले की बटण चालू, ते झोपेपर्यंत चालू. बातम्या, गाणी, शेतीसल्ला, भलत्याच भाषेतली भाषणे, काहीही. मला वाटे, शेवटी हा माणूस संपूर्ण माझा झाला. ते ऐकत नव्हते, नुसता आवाज अंगावर पांघरून बसत होते, हे मला कळत नव्हते.

मग एकदा नर्सबाईंच्या मोरीचा नळ बिघडला. तो दुरुस्त करून कानवाल्यांनी त्यांना घरी चहाला बोलावले. त्या चहा पिता पिता माझ्या आवाजावरून ओरडूनच म्हणाल्या, "भाऊ, रोज थोडा वेळ प्रभूपाशी बसत जा. ती बसायची तसे."

"बसून बोलू काय?"

"सुरुवात तर करा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टक् झाले आणि मी गप्प पडलो. कानवाले वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. माझा तर जळफळाट झाला. मोडकी खुर्ची ती, मध्यभागी झोळ आलेली, आणि तिच्यासाठी मला बंद करायचे?

पहिले काही दिवस माझी करमणूक झाली. ते घाईघाईने यादी वाचल्यासारखी प्रार्थना करत. गुडघा दुखतोय, झोप लागत नाही, अमुक काम मिळू दे, आमेन. तिसऱ्या दिवशी त्यांना डुलकी लागली. दहाव्या दिवशी ते मध्येच उठले आणि माझ्याकडे आले. पुढचे तीन दिवस खुर्ची रिकामी. मी जिंकलो, असे मला वाटले. इतक्या उत्साहाने मी कधीच वाजलो नव्हतो.

पण नर्सबाईंनी विचारलेच. कानवाले म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही हो. मीच बडबडतो आणि उठतो."

"तुमची गिऱ्हाइकं तक्रार सांगून फोन ठेवतात, तसंच झालं हे. समोरच्याला बोलू द्याल की नाही? गळती शोधताना काय करता तुम्ही?"

"घरातले सगळे नळ बंद करायला लावतो. माणसांना गप्प बसवतो. मग कान लावतो."

"लगेच सापडते?"

"छे! कधी कधी अर्धा दिवस जातो."

"आणि देवाला दहा मिनिटं देऊन कुरकुर करता होय?"

कानवाले हसले. किती दिवसांनी हसले होते! तेही माझ्या कुठल्या विनोदी कार्यक्रमाला नाही.

त्यानंतर त्यांनी नेम मोडला नाही. आधी ते शास्त्रातला छोटा भाग हळू आवाजात वाचत. मग बोलत, थोडेसेच. मग नुसते बसून राहत, गज भिंतीला लावल्यावर जसे उभे राहत तसे, डोळे मिटून. मी मनातल्या मनात माझा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला. समुद्रातल्या जहाजांचे बोलणे पकडणारा मी! पण त्या खुर्चीपाशी जे काही चालले होते, ते मला कुठेच लागेना. आणि उठल्यावर कानवाले कप विसळताना गुणगुणत. चार वर्षे मी त्यांना हजारो गाणी ऐकवली, तेव्हा ओठसुद्धा हलला नव्हता. तो कोण असा, जो एक शब्दही न बोलता माझ्या माणसाला गायला लावतो? मी जळून जळून खाक होत होतो.

मग एका सकाळी, बराच वेळ गप्प बसल्यावर, कानवाले मोठ्याने म्हणाले, "प्रभू, मी खोटं बोललो. तिची हाक मला ऐकू आली होती. एवढा सामना संपला की उठतो, असं म्हणालो मी मनात. दुसऱ्यांदा मारली, तेव्हाही बसून राहिलो."

मग ते ओंजळीत तोंड घालून रडले.

मित्रांनो, त्यांनी सगळे सोडून माझी निवड करावी, हीच माझी जन्मभराची इच्छा होती. त्या सकाळी मला कळले, की एकदा त्यांनी ती केली होती.

पुढे आठवडाभर ते अस्वस्थ होते. मग त्यांनी नर्सबाईंना सारे सांगितले आणि विचारले, "रोज बसलो की एकच गोष्ट मनात येते. मुलीला खरं सांग. हे त्याचं सांगणं की माझ्याच मनाचे खेळ?"

नर्सबाई म्हणाल्या, "सांगितल्याने तुमची मान वर होईल की खाली जाईल?"

"पार खाली."

"शास्त्रात बसत नाही असं काही आहे का ते?"

"नाही. उलट तेच तर शिकवलंय."

"मग माणसाचं मन स्वतःहून असलं काही सुचवतं होय? तरी अजून दोन दिवस प्रार्थना करा. मीही करते."

दोन दिवसांनी कानवाल्यांनी मुलीला फोन केला. "तुझ्याशी बोलायचंय. माफी मागायचीय. मी येऊ का?" पलीकडून काय उत्तर आले, ते मला ऐकू आले नाही. रविवारी दुपारी तीच आली. चप्पल न काढता दारात उभी राहिली. कानवाल्यांनी काहीही आडवळण न घेता सांगून टाकले. रेडिओचे नाव पुढे केले, तेही सांगितले. "मी उठलो नाही, बाळ. एवढंच खरं आहे."

तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिले. आता ही निघून जाणार, असेच मला वाटले. मग ती खाली बसली.

"त्या दिवशी सकाळी आईचे दोन फोन आले होते मला," ती म्हणाली. "पेशंट बसलेले होते. मी उचलले नाहीत. तुम्ही विचारलंत ना, कुठे होतीस... ते तेव्हापासून रोज ऐकतेय मी."

कानवाले तिच्याशेजारी फरशीवर बसले. त्या दुपारी मला कुणी लावले नाही, आणि प्रथमच मी कुणी लावावे अशी इच्छा केली नाही.

आता ती महिन्यातून एकदा राहायला येते. सकाळी खिडकीपाशी दोन खुर्च्या असतात. एकीचा मत्सर पुरत नव्हता, आता दोघींचा करावा लागतो! मी सुधारलो, असे खोटे सांगणार नाही. पण आता जळता जळता मी कानही लावतो. अजून काही सापडलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद आहेत. काही खिशात मावतात, काही भिंतभर पसरतात. आम्ही गोड बोलतो, आणि गप्प बसणे आम्हाला जमत नाही. म्हणून हे काम तुमचे. देवापाशी बसायचे असेल, घरच्या माणसाचे ऐकायचे असेल, तेव्हा आम्हाला बंद करायला लाजू नका. आम्हाला वाईट वाटेल. ते आमचे आम्ही बघून घेऊ.