बत्तिसावे छायाचित्र

संघपाल गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गोंडपिपरीच्या विहारात करायचा आणि तो नीटनेटका करायचा, असे मी ठरवले तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. चौतीस वर्षे मी शाळेत काढली, त्यांतली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आणि घरही त्याच शिस्तीत चालवले.

संघपाल माझा धाकटा मुलगा. भामरागडच्या पलीकडे एका लहानशा शाळेत तो शिक्षक होता. ऑगस्टात त्याला ताप भरला. पर्लकोटा नदीच्या पुलावरून चार दिवस पाणी वाहत होते. गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून नदीकाठापर्यंत आणले. तिथून पुढे कोणालाच जाता आले नाही. थोरल्या प्रणितला फोन लागला तोवर त्याची माती तिकडेच झाली होती. मला त्याचा चेहरा दिसला नाही. त्याआधीची सात वर्षेही दिसला नव्हता, हे इथेच सांगून टाकते. ते लपवून पुढचे काही सांगता येणार नाही.

त्याने तिकडच्या जैनी नावाच्या माडिया मुलीशी लग्न केले आणि मला नंतर कळवले. मी जात पाहिली असे कोणी म्हणू नये. छप्पन साली चांद्याला माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मी त्यांच्या कडेवर होते. माझी हरकत होती ती मला न विचारल्याबद्दल. सात वर्षे मी सर्वांना हेच सांगत आले. आता या वयात एवढे कबूल करते, की मुलगी जंगलातली नसून नागपूरची डॉक्टर असती, तर तो राग एका उन्हाळ्यात ओसरला असता.

"या उंबरठ्याच्या आत पुन्हा पाऊल ठेवू नकोस," मी म्हणाले होते. त्याने ठेवले नाही. लहानपणापासून तो आज्ञाधारक होता.

प्रणितची मुलगी साक्षी चंद्रपूरला संगणकाचे शिक्षण घेते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तिने माझ्या पेटीतली छायाचित्रे लॅपटॉपमध्ये घेतली. निवड मी केली. एकूण एकतीस. पहिल्यात तो चार महिन्यांचा, वडिलांच्या खांद्यावर. शेवटच्यात बत्तीस वर्षांचा, नव्या मोटारसायकलीजवळ उभा. त्यानंतरचे माझ्याकडे काही नव्हते.

"आजी, एकदा चालू केलं का कोनाले हात लावा लागत नाई," साक्षी सांगू लागली. "शेवटचा फोटो झाला का आपोआप पयल्यावर येते. दिवसभर चालत राहीन."

"नीट बोल."

"आपोआप पहिल्यावर येतो," ती हसत म्हणाली. "तुमच्या शाळेत नाई शिकली ना मी, म्हनून असं होते."

"प्रत्येकाला वेळ किती?"

"सात सेकंद. एकेकाले बसून लावले."

"विहारात लहान मुले येतील. कोणी बटण दाबले तर?"

"त्याची सोय हाय. किऑस्क म्हनतात. दवाखान्यात टीव्हीवर चालू राह्यते ना, तसं. कोनी कितीबी दाबलं तरी पुढं नाई का मागं नाई. एस्केप दाबला तर मात्र सगळंच बंद."

"तसेच लाव," मी म्हणाले. "माझ्या मुलाचे आयुष्य कोणाच्या बोटाने मागेपुढे व्हायला नको."

तिने लावले. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि तीन फेऱ्या पाहिल्या. दर वेळी तो वाढत वाढत मोटारसायकलीपर्यंत येई, आणि तिथून थेट वडिलांच्या खांद्यावर जाई. मला ते बरे वाटले. त्यात पुढचे काही घडतच नव्हते.

एकोणिसाव्या छायाचित्रात मात्र माझी नजर दर वेळी अडकत होती. शाळेचे पटांगण; मी उभी; पहिल्या रांगेत संघपाल मांडी घालून बसलेला; आणि माझ्या हातात सागवानी पट्टी. दोन फुटांची, एका कडेला पितळेची चीप बसवलेली, वर लाल रंगात माझे नाव. ती सर्वांत जास्त कोणाच्या हातावर बसली असेल तर संघपालच्या. स्वतःच्या मुलाला सवलत दिली असे कोणी म्हणू नये म्हणून. निवृत्तीच्या दिवशी मी ती घरी आणून भिंतीला टांगली. संघपाल घर सोडून गेला त्याच आठवड्यात ती नाहीशी झाली. तेव्हा लटारू आमच्या घराला चुना लावायला येत होता. लटारू म्हणजे माझ्या शाळेचा जुना शिपाई. मी त्याला चार माणसांसमोर म्हणाले, "पट्टी तू नेलीस." त्याने बादली उचलली आणि तो निघून गेला. पुढे कामाला बोलावले की येई, पण आमच्या घरचा चहा त्याने पुन्हा घेतला नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी मात्र न बोलावता पहिला आला तो लटारूच. सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या, पांढरी चादर बांधून पडदा केला. साक्षीने प्रोजेक्टर लावून पाहिला तेव्हा तो म्हणाला, "बाई, चादरीले खालून ईटा बांधा लागन. वाऱ्यानं संघपालबाबू नाचून राह्यला. जितेपनी कधी नाचला नाई बिचारा. तुमच्या धाकानं."

"काम कर, लटारू."

"करून राह्यलो ना, बाई. जीभ मोकळी हाय, हात कामातच हाय."

अकराच्या सुमारास जैनी आली. आदल्या दिवशी गावाहून निघून आलापल्लीला मुक्काम केला होता, असे प्रणित म्हणाला. अंगावर पांढरे लुगडे, घडीच्या रेघा न मोडलेले. हाताला सहा वर्षांची मुलगी, दिव्यानी. तिच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. घरातला सर्वांत चांगला कपडा तोच असावा. जैनी माझ्या पाया पडली. मी तिला तिसऱ्या रांगेतली खुर्ची दाखवली. पहिल्या रांगेत घरची माणसे बसणार होती.

प्रणितने माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली. साक्षी तेवढी जवळ आली.

"आजी, काकूच्या मोबाईलमधी काकाचे फोटो हायेत. सात वर्सांचे. टाकू?"

"यादी झाली आहे."

"आजी, तो काय मोटारसायकलीवर बसून मेला का? त्याच्यानंतर बी जगला ना तो."

माझ्याशी असे बोलण्याची या घरात कोणाची छाती नव्हती. पण तिचे डोळे भरले होते, आणि लोक जमू लागले होते.

"एक टाक," मी म्हणाले. "एकच."

"कोनता? तुमी पाहून घ्या."

तिने मोबाईल पुढे केला. काच तडकलेली होती. मी चष्म्याला हात लावला नाही. "कोणताही," म्हणाले आणि भंतेजींच्या स्वागताला गेले.

त्रिशरण पंचशील झाले. लोक एकेक करून मेणबत्ती लावत होते, फुले वाहत होते, आणि बाजूच्या चादरीवर माझा मुलगा सात सात सेकंदांनी मोठा होत होता. चामोर्शीच्या माझ्या नणंदबाई प्रत्येक फोटोला शेजारणीच्या कानात सांगत होत्या, हा गोवर निघाला तेव्हाचा, हा बक्षीस मिळालं तेव्हाचा. एकतिसावे आले. मोटारसायकल. मग बत्तिसावे आले, आणि थांबले.

मातीची भिंत. दारालगत संघपाल उकिडवा बसलेला. दाढी पांढरी होऊ लागली होती. हे मला कोणी सांगितले नव्हते. भिंतीला पाठ लावून दिव्यानी उभी, टाचा जुळवून, श्वास रोखून. तिच्या डोक्यावर आडवी धरलेली होती माझी पट्टी. पितळेची कड भिंतीला टेकलेली. भिंतीवर खालून वर कोळशाच्या चार रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख, त्याच्या वळणदार अक्षरात. ते वळण मी लावलेले. मोबाईलवर हे सगळे नखाएवढे असणार. इथे ते आठ फूट रुंद होते, आणि त्यात माझे नाव लाल रंगात वाचता येत होते.

सात सेकंद झाले. सत्तर झाले. चित्र हलेना.

"अटकलं वाटते," मागून कोणीतरी म्हणाले. फुले घेऊन उभी असलेली रांग थबकली. साक्षी धावत जाऊन बटणे दाबू लागली, काहीच होईना. माझीच आज्ञा होती ती. मग ती माझ्या खुर्चीशी वाकली.

"आजी, घाईत याले सेकंद लावाचे राह्यले. बटनानं जात नाई आता. एस्केप मारू? पूर्न बंद होईन."

"बंद करून टाक," प्रणित दबक्या आवाजात म्हणाला. "लोक पाहून राह्यले."

लोक पाहत होतेच. चादरीकडे पाहून ते तिसऱ्या रांगेकडे पाहत, मग माझ्याकडे. माझा शब्द निघेपर्यंत विहारात कोणी हलणार नव्हते.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

मी उठले. तिसऱ्या रांगेपर्यंत बारा पावले असतील. जैनी घाबरून उभी राहिली. काही विचारण्याआधीच बोलू लागली. तिचे मराठी त्याने शिकवलेले होते, सावकाश आणि शुद्ध.

"पट्टी घरी आहे, आई. मी आणणार होते. पण ते नाही म्हणत असत. म्हणत, आईला पट्टीशिवाय चैन पडणार नाही. एक दिवस ती मागायला येईल. आली की तिच्या हातात द्यायची. आपण होऊन पाठवायची नाही."

"किती वर्षे म्हणत होता?"

"दर पावसाळ्यानंतर. रस्ता सुरू झाला की म्हणत."

माझ्या मागे लटारू विटा घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळले.

"लटारू, तुला हे ठाऊक होते?"

"ठाऊक नसाले काय झालं, बाई? मीच तर त्याले सायकलवर बसस्टँडले सोडून देल्लो. पट्टी पिशवीतून बाहेर निंगून राह्यली होती."

"मग काऊन..." माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली. "मग सांगितले का नाहीस?"

"तुमी कुठी इचारलं? तुमी तं सांगतलं, का मी नेली." त्याने विटा खाली ठेवल्या. "आन् मी सांगतलं असतं तं तुमी पोस्टानं मागवून घेतली असती. त्याले तं तुमी सोता तिकडं याले पायजे होत्या."

मी त्याच्यापुढे हात जोडले. चौतीस वर्षांत शिपायापुढे जोडले नव्हते. तो गडबडून म्हणाला, "जाऊ द्या, बाई. चहा सांगा मले, साखर जास्तीची."

जैनीचा हात धरून मी तिला पहिल्या रांगेत नेले आणि माझ्या खुर्चीवर बसवले. कार्यक्रम पुढे चालू झाला. उरलेल्या सर्वांनी फुले वाहिली ती त्या मातीच्या भिंतीसमोर.

जेवणानंतर साक्षी लॅपटॉप घेऊन आली. "आता सेकंद लावू का याले?"

"लाव. आणि जैनीकडे आहेत तेवढे सगळे घे."

ते सत्तावन्न निघाले. संध्याकाळपर्यंत विहारात येणाऱ्यांनी अठ्ठ्याऐंशी छायाचित्रे पाहिली. मोटारसायकलीनंतर आता बरेच काही घडत होते. तो झरा ओलांडत होता, मुलांना पाढे म्हणवून घेत होता, मोहफुले वेचणाऱ्या बायकांत उभा राहून हसत होता. आणि सर्वांत शेवटी, ताप यायच्या आदल्या आठवड्यातले, दारात भिजत उभा. तिथून पुन्हा वडिलांच्या खांद्यावर. दोन दिवसांपूर्वी ज्याने बरे वाटले होते, ते आता पाहवत नव्हते. तो पुढे गेला होता, आणि मागे मी राहिले होते.

दिव्यानी माझ्या शेजारी बसली होती. मी तिला विचारले, "पाचवी रेघ कधी मारली?"

"नाई मारली. बाबा मारत होते."

"मी पुढल्या महिन्यात येईन. रस्ता सुरू आहे."

ती माझ्याकडे वळली. मग तिने विचारले, "तू पट्टी घेऊन जाशील तं मले कशानं मोजशील?"

मला तिचे बोलणे सुधारावेसे वाटले नाही.

"नेणार नाही," मी म्हणाले. "मागायला तेवढी येईन."