लोकऱ्याचे पंधरा दिवस

लोकऱ्याला ठेवायचं की परत द्यायचं हे ठरवायला आमच्याकडे पंधरा दिवस होते. ज्या बाईंकडून त्याला आणलं त्यांनीच ती मुदत दिली होती. त्यांची कुत्री पूडल, बाप दुसऱ्याच कुठल्या जातीचा, आणि पिल्लू म्हणजे उसवलेल्या स्वेटरचा गुंता. बाई म्हणाल्या, "याचे केस फारसे गळत नाहीत. पण तुमच्या मुलीच्या छातीचं मी काही सांगू शकत नाही. पंधरा दिवस बघा. नाही जमलं तर माझ्याकडेच परत आणा, तिसऱ्या कुणाला देऊ नका."

मुलगी म्हणजे पिटू. वय वर्षं चार. गेल्या थंडीत तिला धाप लागली आणि दोन दिवस दवाखान्यात तोंडाला मास्क लावून काढावे लागले. तेव्हापासून तिच्या श्वासावर माझा एक कान कायम असतो. कुत्रा आणायला मी तयार झाले ती केवळ न गळणाऱ्या केसांच्या भरवशावर.

पहिला आठवडा बरा गेला. पिटू चटईवर बाहुल्यांचं चहापाणी मांडायची आणि लोकऱ्या पाहुणा म्हणून कपबशा पळवायचा. लसी पुऱ्या झालेल्या नव्हत्या म्हणून मी त्याला खाली रस्त्यावर नेत नव्हते. बाल्कनीच्या दारापाशी वर्तमानपत्र अंथरलं होतं. तो वर्तमानपत्र ओलांडून यायचा, पॅसेजच्या त्याच एका कोपऱ्यात, पिटूच्या चटईपासून दोन हातांवर, शांतपणे उभा राहून शू करायचा आणि मग शेपूट हलवत मला कळवायला यायचा.

"प्रामाणिक आहे गं," सासूबाई म्हणायच्या. "करून सांगतो तरी."

मला हसू यायचं नाही. मी धावत जाऊन कोपरा पुसायची. रोज सहा-सात वेळा.

आठव्या दिवशी पिटू खोकली. कोरडा, आखूड खोकला, एकामागून एक पाच-सहा. मी वही काढली. ही वही पिटूच्या जन्मापासूनची. ती किती प्यायली, किती झोपली, ताप किती, सगळं त्यात आहे. आता लोकऱ्यालाही त्यात रकाना मिळाला होता: खाल्लं, शू, शी, पुसलं, पिटूजवळ किती वेळ. शेजारी मी नवा रकाना आखला, 'खोकला'.

"तुझी ही वही कोर्टातसुद्धा टिकेल," नवरा म्हणाला.

"टिकू दे. लेक खोकतेय आणि तुला विनोद सुचतायत."

"अगं, हवा बदललीय. मीही खोकतोय."

"तूसुद्धा? कधीपासून?" मी पेन उचललं, तसा तो स्वयंपाकघरात पळाला.

अकराव्या दिवसापर्यंत खोकल्याच्या रकान्यात जागा उरली नाही. बाराव्या दिवशी सकाळी मी बाईंना फोन केला आणि रविवारी आणून देते म्हणून सांगितलं. त्यांनी फक्त वेळ विचारली. फोन ठेवला तर लोकऱ्या माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता. पाय हलवायचा धीर होईना. पिटूला कसं सांगायचं, हे तर मी विचारातसुद्धा घेतलं नव्हतं.

त्याच दुपारी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिटूच्या जन्मापासून त्याच तिला बघतात, त्यामुळे मला पुरत्या ओळखून आहेत. त्यांनी तिची छाती पुढून-मागून तपासली.

"छातीत शिट्टी नाही. घसा लाल आहे. घरात नवीन काय?"

"कुत्रा," मी म्हटलं. आवाज माझाच मला गुन्हेगारासारखा वाटला. "पण रविवारी जाणार आहे तो."

"ते नंतर. वही आणलीय ना? तुम्ही वहीशिवाय यायच्या नाहीत."

मी वही पुढे केली. त्या बराच वेळ बोट फिरवत वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे बघा. काल संध्याकाळी जिन्यात तासभर कुत्रा मांडीवर. खोकला नाही. परवा त्याच्याच अंगावर डोकं ठेवून झोपली. खोकला नाही. आता हे बघा. नऊ दहाला शू, नऊ बाराला पुसलं, नऊ वीसला खोकला. साडेअकराला पुसलं, पावणेबाराला खोकला. हे 'पुसलं' कशानं?"

"ब्लीचनं."

"पाणी किती घालता?"

"नाही घालत. पातळ केल्यावर जंतू मरतील का नीट?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, शूवर नुसतं ब्लीच ओतलं की जी वाफ उठते ना, ती मोठ्या माणसाच्या घशालाही झोंबते. आणि ही दोन हातांवर बसून चहापाणी खेळतेय. खिडक्या?"

"बंद. तिला वारं लागू नये म्हणून."

"धन्य आहे तुमची."

"पण मी स्वच्छतेसाठीच..."

"माहीत आहे. ब्लीच बंद. आधी टिपून घ्या, मग साबणाचं कोमट पाणी, खिडक्या उघड्या. चार दिवस बघा. तरीही खोकली, धाप लागली तर लगेच या, मग कुत्र्याच्या ॲलर्जीची तपासणी करू. त्याला आधीच फासावर देऊ नका."

घरी येऊन मी सगळ्या खिडक्या उघडल्या. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून ब्लीचचं सांगितलं तर ते हसायलाच लागले. "त्या तिखट वासानं त्याला वाटत असणार, इथे आधीच कुणीतरी करून गेलंय. म्हणून तर तिथेच येतो. जेवला की, झोपून उठला की उचलून कागदावर न्या."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तूच बोलवत होतीस त्याला. आणि माझे डोळे चुरचुरतात ते वय झालं म्हणून, असं मी आपली समजत होते."

"आई, तुम्ही सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर वहीत लिहिलं असतंस."

पहिल्या दिवशी खोकला चार वेळा. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी एकदा, तोही बिस्किटाचा ठसका होता. तरी मी लिहिला. रविवारी सकाळपासून रकाना कोरा. मी दर पाच मिनिटांनी पॅसेजमधून उगाच ये-जा करत होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. काही नाही. बाईंचा फोन आला.

"टोपली धुऊन ठेवलीय. किती वाजता येताय?"

"नाही येत," मी म्हटलं.

"मुलीची छाती?"

"मोकळी आहे. कुत्र्याचं नव्हतंच ते. माझंच होतं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग एकदम कामाचं, "रोज विंचरा त्याला. कानामागे आणि काखेत गाठी होतात. एकदा गठ्ठा झाला की कात्रीच लागते."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, थोडं रडले, परत पाणी मारलं. बाहेर आले. पिटूनं माझ्या आधीच माझाच कंगवा घेऊन लोकऱ्याचा कान विंचरायला घेतला होता. तो उलटा पडून चारही पाय हवेत झाडत होता.

"पिटू," मी तिच्याजवळ बसले, "लोकऱ्या आता आपल्याकडेच राहणार."

तिनं मान वर केली नाही. "तो आहेच की राहायला," ती म्हणाली. "आई, पाय धर ना त्याचा. हलतोय."

मी पाय धरला.